सात नंबरच्या साच्यावरचा दुभाष्या

आनंदा कासारेला जपानी येतं हे गिरणीत पहिल्यांदा कळलं तेव्हा सगळं खातं हसलं. मीही हसलो. घोडपदेवच्या चाळीत राहणारा, त्रासनखात्यात सूत काढणारा, मराठी चौथी झालेला माणूस. इंग्रजीत सहीसुद्धा करता येत नाही आणि हा म्हणे जपानी बोलतो. पण हसता हसता मला हेही ठाऊक होतं, की आनंदा थापा मारणाऱ्यांतला नाही. आमच्या दोघांत ते काम माझ्याकडे होतं.

मी गुणाजी परब. साचेखात्यातला, म्हणजे कापडाच्या मागावरचा विणकर, गाव मालवणाजवळ. आनंदा संगमेश्वराकडचा. आमच्या चाळी समोरासमोर आणि पाळी बहुतेक एकच, त्यामुळे पहिला भोंगा झाला की दोघं बरोबर निघायचो. अठरा वर्षं असे चाललो. वाटेत बोलायचो मी, ऐकायचा तो. माझ्या बायकोचं गाऱ्हाणं, गावचा दावा, शेजाऱ्याची कोंबडी, सगळं त्याने ऐकून घेतलं. दुसरा असता तर कधीच रस्ता बदलून गेला असता.

छप्पन्नच्या दसऱ्याला तो बायकोला, रखमावहिनीला, घेऊन नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. मग दर पौर्णिमेला वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात जायला लागला. तिथे एक वृद्ध भिक्षू होते. आनंदाला बुद्धाबद्दल शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. भिक्षूंना मराठी येत नव्हतं आणि याला जपानी. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. याने जपानी शिकायला घेतलं. दर रविवारी सकाळी घोडपदेव ते वरळी चालत जायचा आणि दुपारी तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत यायचा. मी त्याला म्हणायचो की त्यापेक्षा त्या म्हाताऱ्यालाच मराठी शिकव, लवकर आटपेल. तो म्हणायचा, गरज मला आहे, त्यांना नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर आनंदाला आयुष्यात एकच वस्तू हवी होती. साचा. त्याचा बाप त्रासनखात्यात खोकून खोकून गेला, तोही तिथेच होता, आणि साचेखात्याचं दार त्याच्या समाजाला बंद होतं. कायदा कसला नव्हता. रिवाज होता. साच्यावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी भरली की सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं, आणि ते काढायचं तोंड लावून, श्वास आत ओढून. एका पाळीचा धोटा दुसऱ्या पाळीच्या तोंडाला. मग यांचा उष्टा धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, असा आमचा शहाणपणा. आमच्यातल्या निम्म्यांना क्षय होता. तो आम्ही एकमेकांचा खुशाल ओढून घेत होतो, त्याने कुणी बाटत नव्हतं. आणि हे मी कुणा दुसऱ्याबद्दल सांगत नाही. त्या खात्यात मीही होतो.

अठ्ठावन्न साली गिरणीने जपानहून बारा नवे साचे मागवले. आपोआप चालणारे. त्यांच्या धोट्यात सूत आपसूक ओवलं जायचं, तोंड लावायचं कामच नाही. ही बातमी आनंदाने ऐकली त्या दिवशी वाटेत तो पहिल्यांदा माझ्याआधी बोलला. म्हणाला, "गुणाजी, आता तुमच्याकडे सबब राहिली नाही."

साच्यांबरोबर एक जपानी फिटर येणार होता आणि साहेबलोकांना दुभाष्या मिळत नव्हता. आनंदा सरळ विणाई मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला. दुभाष्याचं काम करतो, जादा पगार नको, पण बारांतला एक साचा मला चालवायला द्या. मास्तरांनी कागदावरून मान वर न करता सांगितलं, जपान्याने पास केलं तर बस साच्यावर. अशी मोठी माणसं कधीकधी शब्द देऊन बसतात, कारण आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलेलं नसतं.

फिटर आला. कुदो नाव. पंचावन्नच्या आसपासचा, ठेंगणा, चपटी टोपी घालणारा, हाताची बोटं आमच्या खात्याच्या जॉबर मुकादमापेक्षा जाड. आनंदा पुढे झाला, कमरेत वाकला आणि त्याने वरळीला दीड वर्ष घोकलेलं स्वागताचं भाषण केलं. कुदोने टोपी काढली. हात जोडले. डोळे मिटून उभा राहिला. त्याला वाटलं, कामाला सुरुवात करण्याआधी या देशात मंत्र म्हणतात. भाषण संपल्यावर डोळे उघडून तो काहीतरी बोलला, आणि आनंदाला त्यातला एक शब्द कळला नाही.

पहिले चार दिवस हाल कुत्रा खाईना. गिरणीत साच्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आम्ही सगळे ओठ बघून बोलणं ओळखतो. कामगाराला ओठ हलताना दिसले की तो दहा साच्यांपलीकडून शिवी ओळखतो. पण हा कुदो तोंड उघडेल तर शपथ. दात मिटलेले, ओठ जेमतेम हलणार, आणि नाकातून आल्यासारखं काहीतरी गुरगुरणार. ऑफिसात गेला की चार ठराविक वाक्यं तो स्वच्छ बोलायचा, ती आनंदाला कळायची. साच्याजवळ गेला, हातात पाना आला, की त्याची गावची बोली सुटायची. आणि काम तर साच्याजवळच होतं. आमचा जॉबर बाबुराव सगळ्यांना सांगत सुटला, की आनंदा जपानी शिकला तो देवाशी बोलायला, माणसाशी नाही. मास्तरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात जमलं नाही तर दुसरा दुभाष्या, आणि अर्थात साचाही नाही.

रविवारी तो वरळीला गेला. मीही गेलो, कारण त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. भिक्षूंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. आनंदाने मला त्यांचं बोलणं सांगितलं. कुदो उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातला आहे, म्हणाले. मी दक्षिणेचा. तो भरभर बोलला तर मलाही समजणार नाही. ही बोली पुस्तकात नाही, मी शिकवू शकत नाही. तो दमतो कधी, खातो कधी, चिडतो कधी, तेव्हा त्याच्याजवळ बस.

परत येताना आनंदा मला म्हणाला, "मूर्ख मीच. माझी आई गावाहून आली तेव्हा तिचं बोलणं दादरच्या डॉक्टरला कळायचं नाही. दोघंही मराठीच बोलत होते. आणि मी समजून चाललो की अख्ख्या जपानात सगळे माझ्या भिक्षूंसारखंच बोलत असतील."

दुसऱ्या दिवसापासून त्याने कुदोला बोलायला लावणं सोडून दिलं आणि त्याच्या हत्यारांची पिशवी उचलायला घेतली. पाळी सुटली की पिशवी घेऊन त्याच्याबरोबर चालायचं. मग एक दिवस त्याला घरी घेऊन आला. दहा बाय दहाची खोली. रखमावहिनीने उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला जवळा पुढे ठेवला. कुदोने वास घेतला आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की मला वाटलं याला मळमळलं. तर त्याने वाडगा तोंडाला लावला आणि दोन घोटांत रिकामा केला. त्यांच्याकडेही म्हणे भाताची पेज असते आणि सुकी मासळी असते. मुंबईत येऊन दहा दिवस तो हॉटेलातले पाव खात होता बिचारा.

रखमावहिनीने पळी उचलली आणि आपल्या संगमेश्वरी बोलीत आणखी वाढायला म्हणून विचारलं, "वायच आनि देव काय?" कुदो म्हणाला, "कु." वहिनीने वाढलं. मग त्याने जवळ्याची ताटली तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "के." वहिनी म्हणाली, तुम्ही खावा, मी मागून खाते. दोघांचं असं चाललं होतं जसं काही एका विहिरीवर पाणी भरत मोठे झालेत. आनंदा आपला जपानी शब्दांच्या वहीत शोधतो आहे. शेवटी वहिनीच त्याला म्हणाली, अवो, के म्हंजे खा आनि कु म्हंजे खातो, त्यात काय लिवायचं? थंडीच्या मुलखात माणसं तोंड फार उघडत नाहीत, वारा आत जातो, म्हणून शब्द आखूड करतात. हे कुदोने नंतर सांगितलं तेव्हा वहिनीला त्याचं काही नवल वाटलं नाही.

त्या वेळी मी दारात उभा होतो. वहिनीने मलाही बसायला सांगितलं. मी म्हणालो, मी आत्ताच जेवलो. जेवलो नव्हतो. जपानहून आलेला माणूस आत मांडी घालून बसला होता आणि अठरा वर्षांचा सोबती मी, उंबऱ्याबाहेर. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

तिथून आनंदाची गाडी रुळावर आली. त्याने वही नव्याने मांडली. शब्दापुढे नुसता अर्थ लिहायचा नाही, प्रसंग लिहायचा. पाना खाली ठेवून पाठ धरतो तेव्हा म्हणतो "कोए", म्हणजे दमला. जमलं की मान हलवून "न्दा", म्हणजे हो, आमचं व्हय. नळाखाली हात धरला आणि ओरडला "शाक्कोइ", म्हणजे गार. पंधराव्या दिवशी साचा उघडून कुदो अर्धा तास बोलत होता आणि आनंदा त्याच्या बाजूला उभा राहून मास्तरांना सगळं मराठीत सांगत होता. वर काही घालायचं नाही, आतलं काही गाळायचं नाही. एकदा कुदो म्हणाला, या यंत्राला हे तेल घालायला सांगणारा माणूस गाढव आहे. ते तेल खुद्द मास्तरांनी सांगितलं होतं. आनंदाने शब्दन् शब्द सांगितला, गाढवासकट. मास्तर लालबुंद झाले, पण तेल बदललं.

त्यानंतर ओसाकाहून एक तरुण वायरमन आठवडाभर येऊन गेला. तो बोलायचा भुलेश्वरच्या दुकानदारासारखा, झरझर आणि हसवत. कुदोला त्याचं निम्मं कळायचं नाही. पण आनंदाने चार दिवसांत त्याचं बोलणं पकडलं. आता त्याला युक्ती सापडली होती. शेवटी शेवटी तर ते दोघे जपानी आनंदामार्फत एकमेकांशी बोलायचे, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. संध्याकाळी कामगार मैदानावर सभा असली की आम्ही पाळीवरून परस्पर जायचो. एकदा कुदोही आला. एवढी माणसं बघून त्याने विचारलं, यांना काय पाहिजे? आनंदाने सांगितलं, मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य पाहिजे, मुंबईसकट. कुदोने विचारलं, हे सगळे एकसारखं बोलतात? आनंदा माझ्याकडे बघून हसला. शेजारी सातारकडचे, पुढे वऱ्हाडातून आलेले, मी मालवणी. म्हणाला, नाही, पण एकमेकांचं ऐकून घेतात.  मग त्याने जे सांगितलं ते आनंदाने मला वाटेत सांगितलं. पंधराव्या वर्षी तो शहरातल्या कारखान्यात लागला तेव्हा त्याने तोंड उघडलं की लोक हसायचे. तेव्हापासून तो माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलत आला. चाळीस वर्षांनी त्याची बोली कुणी मुद्दाम शिकून घेतली, तीही घोडपदेवात.

साचे उभे राहिले. चाचणीचा दिवस ठरला. बारा विणकरांनी एक पूर्ण पाळी चालवायची, मग दुसऱ्या पाळीच्या बारा जणांनी तेच साचे हातात घ्यायचे. आनंदाला सात नंबरचा साचा. आणि नेमका घात झाला. आपसूक ओवणाऱ्या नव्या धोट्यांच्या पेट्या मागच्या बोटीने आल्या होत्या आणि गोदीत संप सुरू झाला. पेट्या माझगावला अडकून पडल्या. कुदोने आमचे जुने धोटे घासून नव्या साच्यांना बसते केले. म्हणजे पुन्हा तोंड लावणं आलं.

सकाळी मास्तर सात नंबरपाशी आले. मी त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होतो, पण मुद्दाम लवकर आलो होतो. मास्तर म्हणाले, आनंदा, आज तू राहू दे, नवे धोटे आले की बघू. बाबुराव आणि इतर सगळे साच्यांआडून बघत होते. नवे धोटे आले की काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. तोवर सात नंबरवर दुसरा माणूस बसलेला असणार. कुदोने विचारलं, काय म्हणतात? आनंदाने जसंच्या तसं सांगितलं. कुदोने विचारलं, का? तेही आनंदाने सांगितलं. ते सांगायला त्याला बराच वेळ लागला. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण तो काय सांगतो आहे ते आम्हा प्रत्येकाला कळत होतं, आणि कुणालाच मान वर करवत नव्हती. कुदोने ऐकून घेतलं, खिशातून फडकं काढून हात पुसले आणि सात नंबरचा धोटा आनंदाच्या हातात दिला.

आनंदाने सूत ओढलं आणि साचा सुरू केला. अख्खी पाळी चालवला. मी वीस वर्षं विणकाम केलेला, पण त्या दिवशीच्या त्याच्या कापडात मला दोष काढता आला नाही. तो कुदोजवळ बसून नुसते शब्द शिकला नव्हता.

दोन्ही पाळ्यांच्या मधला भोंगा वाजला. साचे थांबले. पुढच्या पाळीची माणसं आपापल्या साच्याशी गेली. सात नंबरपाशी कुणी गेलं नाही. यादीत तिथे माझं नाव होतं.

आनंदाने रिकामी कांडी काढली, नवी भरली आणि धोटा पुढे धरून उभा राहिला. सूत आतच होतं, ओढायचं बाकी. साचा थांबून राहिला तर आनंदा उद्या त्रासनखात्यात, हे सरळ होतं. बाबुराव माझ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांपुढे चाळ आली, गावची आई आली, लग्नाची बहीण आली. मी होतो तिथेच उभा होतो. तेवढ्यात कुदो मास्तरांसमोर आला आणि पहिल्यांदाच तोंड पूर्ण उघडून, मोठ्याने, आपल्या गावच्या बोलीत काहीतरी बोलला. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतो?"

आनंदाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "विचारतोय, सात नंबर कोण घेणार."

मी पुढे गेलो. कुठला मोठा विचार केला, असं सांगणार नाही. तो धोटा धरून उभा होता आणि त्याचा हात दुखत असणार, एवढंच सुचलं. धोटा घेतला, तोंडाला लावला आणि श्वास ओढला. जिभेला तेलाची आणि खळीची चव लागली. माझ्या धोट्याला रोज तीच चव असायची. साचा सुरू झाला. पुढचा महिनाभर बाबुराव माझ्याशी बोलला नाही आणि चाळीत दोन घरांनी आमच्याकडे येणं बंद केलं. मग हळूहळू सगळ्यांना कंटाळा आला. आनंदा सात नंबरवर राहिला तो निवृत्त होईपर्यंत.

तीन आठवड्यांनी कुदोची बोट सुटायची होती. आम्ही दोघं त्याला पोचवायला गोदीवर गेलो. निघताना त्याने आनंदाचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाला आणि शिडी चढून गेला. परत येताना मी आनंदाला विचारलं, माझ्याबद्दल काय बोलला? तो म्हणाला, तू चांगला विणकर आहेस म्हणाला. मग मी विचारलं, आणि त्या दिवशी मास्तरांपुढे तेवढं लांबलचक बोलला, ते नुसतं कोण घेणार एवढंच?

 तेव्हा आनंदाने सांगितलं. कुदो म्हणाला होता, हा साचा या माणसामुळे थांबणार असेल तर मी बाराही साच्यांच्या कागदांवर सही करत नाही, सगळे खोलून पेट्यांत भरतो आणि परत घेऊन जातो.

मी रस्त्यातच थांबलो. "मगे तेवा सांगलंस नाय कित्याक? मास्तरान तुका हात जोडून साचो दिलो असतो."

"दिला असता. आणि धोटा बारा जणांनी उचलला असता, भीतीने," आनंदा म्हणाला. "मला बघायचं होतं, तू उचलतोस का."

"आनि मी धोटो उचललो नसतो तर?"

"काही नाही. दुसऱ्या दिवसापासून पाच मिनिटं आधी घरातून निघालो असतो."

हे तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मी ते केव्हाच विसरलो असतो.